राजगडाच्या पायथ्यापासून सागरतीरापर्यंत : गर्दी टाळून करावयाची कोकणची मोटारयात्रा

राजगडाच्या पाली दरवाजाला ज्या गावाचे नाव मिळाले ते पाली गाव भोर–वेल्हे परिसरातील डोंगरकुशीत वसलेले आहे. येथून बाणकोटचा समुद्र सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आत-बाहेर असेल. परंतु मध्ये सह्याद्रीचा कडा उभा असल्याने हे अंतर कागदावर जितके सोपे दिसते तितके प्रत्यक्षात नाही. पूर्वी या मुलखातील माणसे मढे, उपांड्या, शेवत्या, गोप्या अशा पायवाटांच्या घाटांनी महाड-बिरवाडीकडे उतरत. मोटारीला मात्र वळसा घालूनच जावे लागते. हा वळसा नीट आखला, तर तीन-चार दिवसांत कोकण किनाऱ्याचा एक शांत आणि अर्थपूर्ण पट्टा पाहून येता येतो. न आखता निघाल्यास घाट बंद, धक्क्यावर रांग आणि किनाऱ्यावर पुण्या-मुंबईची गर्दी, असा अनुभव पदरी पडण्याचा संभव अधिक.

या प्रवासाला अलीकडे एक नवे निमित्तही मिळाले आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतिनिधी म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत ज्या तालुक्याला २०२४ साली राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला त्या वेल्हे तालुक्यातील राजगड आहे, वाटेवर महाडजवळचा रायगड आहे आणि वाटेच्या शेवटी हर्णैच्या समुद्रातील सुवर्णदुर्गही आहे. गिरिदुर्गापासून जलदुर्गापर्यंतची ही यात्रा एकाच इतिहासाची दोन टोके जोडते. सुटीच्या दिवशी राजगडावर लोटणारी गर्दी पायथ्याच्या गावांच्या परिचयाची आहे. रस्त्याच्या कडेला अस्ताव्यस्त उभ्या केलेल्या गाड्या आणि मागे राहिलेला कचरा ज्यांनी आपल्या गावात पाहिला आहे, त्यांना दुसऱ्याच्या गावी पाहुणा म्हणून कसे जावे हे निराळे सांगावे लागत नाही.

घाट आणि त्याचा भरवसा

पालीहून नसरापूरमार्गे महामार्गावर यावे, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर गाठावे आणि तेथून नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने वरंधा घाट उतरून महाडला पोहोचावे, हा सर्वांत नैसर्गिक मार्ग होय. घाटमाथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे. तेथे क्षणभर थांबून खालच्या दऱ्या पाहण्याचा मोह आवरू नये. घाट उतरल्यावर शिवथरघळीकडे फाटा जातो. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना येथे केली अशी परंपरा आहे.

मात्र वरंधा घाटावर अवलंबून राहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हा रस्ता अरुंद असून पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात. अशा वेळी जिल्हाधिकारी घाट अंशतः किंवा पूर्णतः बंद ठेवण्याचे आदेश काढतात. रस्तारुंदीकरणाच्या कामासाठीही तो काही काळ बंद राहिलेला आहे. निघण्यापूर्वी भोर किंवा महाडच्या तहसील कचेरीत अथवा पोलीस ठाण्यात एक दूरध्वनी केला, तर घाटाच्या तोंडाशी जाऊन परत फिरण्याची वेळ येत नाही. घाट बंद असल्यास मुळशी–ताम्हिणीमार्गे माणगाव, किंवा वाई–महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर, हे दोन पर्याय उरतात. दोन्हींत वेळ अधिक जातो. घाटातून ताशी पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा अधिक वेग धरून वेळापत्रक करू नये. सपाटीवरचा हिशेब डोंगरात लावणे हीच अनेक प्रवासांतील पहिली चूक असते.

पावसाळ्यात ही यात्रा करूच नये, असे स्पष्ट सांगणे योग्य ठरेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एस. टी.च्या दोन बसगाड्याही गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे हर्णैचा मासळीबाजारही त्या दिवसांत ओस असतो. पावसाळ्यातील कोकण सुंदर असते हे खरे; पण ते पाहण्यासाठी घाटात मोटार घालणे शहाणपणाचे नाही.

केव्हा जावे

गर्दी टाळणे म्हणजे बहुतांशी दिनदर्शिका नीट वाचणे होय. दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते नववर्षदिन, प्रजासत्ताकदिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि सबंध मे महिना या काळात दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत राहण्याची सोय मिळणे कठीण जाते. शिमगा आणि गणेशोत्सव या काळात चाकरमानी आपापल्या घरी आलेले असतात. तेव्हा गावच्या घरांत पाहुण्याला जागा नसते, आणि असावी अशी अपेक्षाही करू नये. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, जानेवारीचा मध्य आणि फेब्रुवारीतील साधे वार हा सर्वोत्तम काळ. शिक्षकांना सुट्यांचे बंधन असते. त्यांनी दिवाळीच्या सुटीचे शेवटचे दिवस निवडावेत, कारण शहरी गर्दी तोवर ओसरलेली असते.

महाडहून समुद्राकडे

महाडला पुष्कळ लोक रायगडासाठी थांबतात आणि चवदार तळ्याकडे न वळताच पुढे जातात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला, ते तळे शहराच्या मध्यभागी आहे. पुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव लागते. शाळेतील मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत. पाठ्यपुस्तकातील धडा आणि भूगोल येथे एकत्र येतात.

महाडहून महामार्गाने लोणेऱ्यापर्यंत जाऊन आंबेतकडे वळावे. आंबेत–म्हाप्रळ पुलावरून सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. अलीकडच्या वर्षांत हा पूल दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवावा लागला होता. म्हणून त्याचीही चौकशी अगोदर करावी. मंडणगडला इंधन भरून घ्यावे. पुढे दापोली येईपर्यंत आडवाटांवर पंपाचा भरवसा धरता येत नाही, आणि मोबाइलचा संपर्कही प्रत्येक वळणावर मिळत नसल्याने खिशात थोडी रोख रक्कम असावी. मार्गदर्शक नकाशा फोनवर अगोदर उतरवून ठेवावा. तो वाचताना नावांच्या सारखेपणाने फसू नये. पाली नावाची गावे अनेक आहेत. अष्टविनायकांतील पाली रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्यात आहे. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचे, दुसरे दापोलीचे. वेळासही दोन, एक श्रीवर्धन तालुक्यात, दुसरे मंडणगड तालुक्यात. नकाशाने दाखविलेले पहिले नाव खरे मानून भलत्याच खाडीवर पोहोचलेली कुटुंबे कोकणातील लोकांनी अनेकदा पाहिली आहेत.

येथून किनाऱ्याचा जो पट्टा सुरू होतो, त्यातील बाणकोट, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले आणि पुढे कोळथरे ही गावे अजून शांत आहेत. हर्णै, मुरूड, कर्दे हा मधला भाग मात्र सुटीत गजबजतो. तेव्हा मुक्काम वेळास किंवा केळशीला ठेवावा आणि हर्णै सकाळी पाहून पुढे सरकावे. बाणकोटचा किल्ला सावित्रीच्या मुखावर उभा आहे. वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. केळशीला महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा आहे, तसेच किनाऱ्यालगत वाळूची उंच टेकडीही आहे. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उंचावर असल्याने तेथून खाडी, माडांच्या बागा आणि दूरवर सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात. हर्णैच्या वाळूवर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. तो पाहावा, परंतु लिलावाच्या वर्तुळात छायाचित्रांसाठी शिरू नये. ती त्या माणसांची बाजारपेठ आहे. दापोलीच्या मुरूडला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. सवड असल्यास पालगडला साने गुरुजींच्या जन्मगावीही जाऊन यावे. तेथे गर्दी जवळजवळ नसते.

तिथीवरून भरती

देशावरच्या माणसाला समुद्र परका असतो. तो नदीसारखा एका दिशेने वाहत नाही, तर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने दरवर्षी जीव जातात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीत मोकळा होतो आणि भरतीत लाटांखाली जातो. तेथेही दुर्घटना घडल्या आहेत. सहल काढणाऱ्या प्रत्येक शाळेने म्हणूनच भरती-ओहोटीचे गणित समजून घेतले पाहिजे.

कोकणातील जुने लोक हे गणित तिथीवरून करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. यामागील कारण असे की चंद्र रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या मागेपुढे सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती असते. अष्टमीच्या आसपास ती ओढ परस्परांना छेदते आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती येते. स्थळपरत्वे या वेळांत फरक पडतो. हे गणित अंदाजापुरते असून अचूक वेळ छापील भरती-तक्त्यात किंवा स्थानिक कोळ्याकडे विचारावी.

आता या गणिताचा व्यवहारातील अर्थ पाहावा. पौर्णिमेला पर्यटक चांदण्यासाठी मुद्दाम येतात. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या व मध्यरात्रीच्या सुमारास असते, म्हणजे ओहोटी नेमकी सायंकाळी सूर्यास्ताच्या आगेमागे येते. समुद्र दूर गेलेला, ओली वाळू घट्ट, आणि मैलभर पसरलेला किनारा पाहून मोटार खाली उतरविण्याचा मोह होतो. पण त्यानंतर अंधार पडतो आणि त्याच अंधारात उधाणाचे पाणी परत येऊ लागते. चाके रुतलेली मोटार ओढण्यासाठी मग गावातला ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि तो येईपर्यंत लाटा इंजिनापर्यंत पोहोचलेल्या असतात. खडकावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्यांचाही परतीचा मार्ग याच वेळी तुटतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य मावळला की वाळू सोडावी, हा नियम मुलांना पाठ करून द्यावा. पाण्यात उतरण्याची जागा स्थानिक माणूस सांगेल तीच. खाडीच्या मुखाशी तर कधीही उतरू नये, कारण तेथे ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते.

किनारा कोणाचा

मोटार वाळूत न नेण्याचे दुसरे कारण माणसांच्या सुरक्षिततेइतकेच महत्त्वाचे आहे. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परत जाते. दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात व उजेडाच्या दिशेने धाव घेतात. समुद्रावरचा मंद प्रकाश हीच त्यांची खूण. किनाऱ्यावर दिव्यांचा लखलखाट असला, तर ती उलट दिशेने जाऊन मरतात. चाकांखाली दबलेल्या वाळूतून त्यांना वर येता येत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे वन विभागाचेही सहकार्य लाभले. एके काळी जी अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी उकरली जात, ती आता कुंपणात जपली जातात. आणि पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांना ग्रामस्थ आपल्याच घरी उतरवून घेतात. जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी. खोलीला वातानुकूलन नसते. ज्यांना ते हवे असेल त्यांनी दुसरीकडे जावे.

हे उत्पन्न किती मोलाचे आहे हे ३ जून २०२० नंतर कोकणाला कळले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. रायगड जिल्ह्यात, तसेच मंडणगड आणि दापोली तालुक्यांत, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेला माड फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. त्या मधल्या वर्षांत घरातली एक खोली पाहुण्याला देऊन मिळणारा पैसा हाच अनेक कुटुंबांचा आधार होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी निवास योजना आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांचा लाभ अशा कुटुंबांना घेता येतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसारही स्थानिक रहिवाशांना, घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता, राहत्या घरात पाहुणे उतरविण्यास वाव ठेवला आहे. त्याच अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातल्या आहेत. केळशीसारख्या गावातील पंचायत सदस्यांनी हे दोन्ही भाग एकत्र वाचावेत. पाहुणा वाळूची टेकडी पाहण्यासाठी येतो; टेकडी सपाट करून वाहनतळ केला, तर त्याने यावे कशासाठी?

वाहनतळ गावाबाहेर, पक्क्या जमिनीवर असावा. त्याची माफक फी ग्रामपंचायतीने पावती देऊन घ्यावी आणि ती कचरा उचलण्यावरच खर्च व्हावी. पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. कोकणात पाऊस विपुल, परंतु जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची संख्या सर्वाधिक असते. एका खोलीमागे किती पाणी लागेल याचा हिशेब करून मगच खोल्या वाढविणारे गाव पुढे पस्तावणार नाही.

या शांत पट्ट्यापुढे एक मोठा बदल उभा आहे. बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८०–८२ मध्ये, ज्या रेवस–रेड्डी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली, त्यावरील खाड्यांवर आता मोठे पूल उभारण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. आजवर खाड्यांनीच या गावांना गर्दीपासून वाचविले. पूल झाल्यावर आजाऱ्याला रुग्णालय जवळ येईल, आंबा आणि मासळी वेळेवर बाजारात पोहोचेल. ही सोय किनाऱ्यावरच्या माणसाला कधीचीच मिळावयास हवी होती, आणि केवळ शहरी पाहुण्याच्या शांततेसाठी ती लांबणीवर टाका असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्याच पुलांवरून मोटारींचे तांडेही येतील. वाहनतळ, पाणी, कचरा आणि विणीचे किनारे यांचे नियम ग्रामसभेत ठरवावयाचे असतील, तर पुलांचे खांब उभे राहत असतानाच ते ठरविणे बरे.

फेरीबोट आणि परतीची वाट

तोपर्यंत खाडी ओलांडण्याचे साधन फेरीबोट हेच आहे. वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा, तवसाळ–जयगड आणि दाभोळ–धोपावे या ठिकाणी मोटारीसह पलीकडे जाता येते. यांपैकी दाभोळ–धोपावे सेवा २००३ साली सुरू झाली आणि दापोलीहून गुहागरला जाताना चिपळूणचा लांबचा वळसा वाचला. सुटीच्या दिवशी धक्क्यावर रांग लागते. म्हणून सकाळची पहिली-दुसरी बोट गाठावी आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नये. दाभोळला लवकर पोहोचल्यास वेळ फुकट जात नाही. बहमनी व आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरील एक संपन्न बंदर होते आणि १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळले. त्या वैभवाची खूण म्हणून खाडीकाठची जुनी मशीद अजून उभी आहे. जवळच चंडिकादेवीचे भुयारी देऊळ आहे.

गुहागरहून परतताना आल्या वाटेने येऊ नये. चिपळूणमार्गे कुंभार्ली घाट चढून पाटण, उंब्रज, सातारा असे येता येते, आणि महामार्गाने कापूरहोळ व नसरापूर गाठून पाली. ज्यांना गुहागरपर्यंत जावयाचे नसेल त्यांनी दापोलीहून खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई असा मार्ग धरावा. दोन्ही घाट दिवसाउजेडी चढावेत. त्यासाठी किनाऱ्यावरचा शेवटचा मुक्काम सकाळी न्याहारी होताच सोडावा लागतो. धुण्यासारखी गोष्ट म्हणजे मोटारीचा तळ. खाऱ्या हवेने आणि वाळूने पत्रा गंजतो, तेव्हा घरी पोहोचताच तो गोड्या पाण्याने स्वच्छ करून घ्यावा.